संदर्भग्रंथ सलग वाचताना : ‘द लिनक्स प्रोग्रामिंग इंटरफेस’च्या निमित्ताने

संदर्भग्रंथ वाचायचा नसतो, पाहायचा असतो, असे आपण धरून चालतो. कोश, सूची, पंचांग ही लागेल तेव्हा उघडायची आणि काम झाले की मिटायची पुस्तके. केतकरांच्या ज्ञानकोशाचे खंड ओळीने वाचून काढणारा वाचक भेटला तर आपण त्याचे कौतुक करतो, पण मनातून त्याला थोडा विक्षिप्तच समजतो. साहित्यसमीक्षेनेही या प्रकाराकडे फारसे लक्ष दिलेले नाही. संदर्भग्रंथाची माहिती अचूक आहे की नाही, एवढेच परीक्षणात सांगितले जाते. त्याला मांडणी असते, निवेदन असते, वाचकाविषयी काही धारणा असते आणि या सगळ्याचे बरेवाईट परिणाम वाचणाऱ्यावर होतात, हे मला एका संगणकविषयक ग्रंथाने शिकवले. त्या ग्रंथाची समीक्षा करायची तर मला माझी एक चूकही सांगावी लागेल, कारण तिच्यावाचून या ग्रंथाचे मोल मला कळलेच नसते.

ग्रंथ आहे मायकेल केरिस्क यांचा ‘द लिनक्स प्रोग्रामिंग इंटरफेस’. प्रकाशन २०१०, पाने दीड हजारांहून अधिक, प्रकरणे ६४. पाचशेंहून अधिक सिस्टिम कॉल आणि लायब्ररी फंक्शन्स यांचे विवरण आणि सोबत सुमारे दोनशे नमुना प्रोग्राम. वजन इतके की मांडीवर घेऊन वाचता येत नाही, टेबलच लागते.

१

संगणकाशी कामापुरता संबंध असणाऱ्या वाचकासाठी विषय थोडक्यात सांगतो. संगणकावरच्या कोणत्याही प्रोग्रामला फाइल उघडायची असो, पडद्यावर अक्षर उमटवायचे असो की दुसऱ्या संगणकाशी बोलायचे असो, ते काम तो स्वतः करू शकत नाही. ते करण्याचा अधिकार कार्यप्रणालीच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला असतो. सरकारी कचेरीत दप्तरखान्यात आपल्याला जाता येत नाही. खिडकीवर ठरलेल्या नमुन्यात अर्ज द्यायचा आणि आतून मिळेल ते घ्यायचे, तसाच हा व्यवहार. या अर्जाला सिस्टिम कॉल म्हणतात. फाइल उघडण्याचा अर्ज केला की आतून एक लहानसा क्रमांक मिळतो. पुढे वाचणे, लिहिणे, बंद करणे हे सगळे त्या टोकन क्रमांकावर चालते. अर्ज नामंजूर झाला तर उणे एक हे उत्तर येते आणि नकाराचे कारण वेगळ्या ठिकाणी नोंदवलेले असते.

केरिस्क यांचा ग्रंथ हा या खिडकीवरच्या सर्व अर्जांचा ग्रंथ आहे. खिडकीच्या आत काय चालते हे तो गरजेपुरतेच सांगतो. नावातला ‘इंटरफेस’ हा शब्द त्याने गांभीर्याने घेतला आहे. आत काय ते पाहायचे असेल तर मॉरिस बाख यांचे १९८६चे युनिक्सच्या रचनेवरचे पुस्तक आहे किंवा जॉन लायन्स यांचे भाष्य आहे.

लायन्स यांची हकिगत पोथ्यांच्या इतिहासात रमणाऱ्या मराठी वाचकाला आवडेल. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात शिकवताना त्यांनी युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीच्या गाभ्याची संहिता, सुमारे नऊ हजार ओळी, एका पुस्तिकेत छापली आणि दुसऱ्या पुस्तिकेत तिच्यावर भाष्य लिहिले. काळ १९७६-७७चा. पुढे १९७९मध्ये सातवी आवृत्ती आली, तिच्या परवान्याने ही संहिता वर्गात शिकवण्याला आडकाठी केली आणि लायन्स यांचे भाष्य झेरॉक्सच्या झेरॉक्सवरून हातोहात फिरू लागले. उघडपणे ते छापले गेले १९९६मध्ये. लायन्स १९९८च्या डिसेंबरात वारले. म्हणजे जवळजवळ दोन दशके संगणकशास्त्रातला एक महत्त्वाचा ग्रंथ पोथीसारखा, प्रतीवरून प्रत करत जगला.

मूळ युनिक्सलाही आपली सूत्रे होती. केन थॉम्सन आणि डेनिस रिची यांनी १९७१च्या नोव्हेंबरात युनिक्सची पहिली मार्गदर्शिका काढली. तिच्यात प्रत्येक कॉलसाठी थोडीच पाने, ठरलेले मथळे आणि मोजकी वाक्ये होती. मथळ्यांमध्ये एक मथळा चक्क ‘दोष’ असा होता. स्वतःच्या निर्मितीतली उणीव निर्मात्यानेच त्याखाली लिहायची. ही प्रथा आजही टिकून आहे. सूत्रवाङ्मयाचा गुण म्हणजे अल्पाक्षरत्व, आणि त्याची अडचणही तीच. ज्याला विषय माहीत आहे त्याला सूत्र पुरते. ज्याला माहीत नाही त्याला भाष्य लागते. डब्ल्यू. रिचर्ड स्टीव्हन्स यांनी १९९२मध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्रोग्रामिंग इन द युनिक्स एन्व्हायर्नमेंट’ लिहून या विषयातले पहिले मोठे भाष्य दिले. ते १९९९मध्ये अकाली गेले. केरिस्क त्यांच्याच वाटेने गेले, पण त्यांची जागा वेगळी होती. लिनक्सच्या मार्गदर्शिकेची, म्हणजे सूत्रांचीच, देखभाल ते २००४पासून करत होते. सूत्रकारांच्या बैठकीत बसलेल्या माणसाने लिहिलेले हे भाष्य आहे.

२

आता माझी चूक.

काही वर्षांपूर्वी मी एका लहान कंपनीत प्रोग्रामर होतो. आमच्याकडे एका पतसंस्थेचे काम होते. पिग्मी एजंट दिवसभर दुकानोदुकानी फिरून रक्कम गोळा करत, संध्याकाळी पावत्या आणून देत आणि दोन ऑपरेटर त्या संगणकात भरत. रात्री माझा प्रोग्राम दिवसभराच्या नोंदी एका फाइलमध्ये उतरवी आणि शाखांचे अहवाल तयार करण्यासाठी स्वतःची एक प्रत काढून ते काम तिच्याकडे सोपवी. एकदा संस्थेकडून तक्रार आली की रोज काही पावत्या दोनदा जमा दिसतात. कधी वीस, कधी पन्नास. आणि त्या नेहमी दिवसाच्या शेवटच्या पावत्या असतात.

शेवटच्या पावत्या संध्याकाळच्या पाळीतल्या ताई भरत. संशय त्यांच्यावर गेला. मला विचारले, तेव्हा मी प्रोग्राम माझ्या पडद्यावर चालवून पाहिला. प्रत्येक पावती एकदाच दिसत होती. दोनदा नव्हे, चारदा पाहिले. मग मी लेखी कळवले, की प्रोग्राम बरोबर आहे, नोंदी भरतानाच दुबार होत असाव्यात. ‘असाव्यात’ हा शब्द मी सावधगिरीने घातला होता, पण वाचणाऱ्यांनी तो वाचला नाही. ताईंकडून लेखी खुलासा मागवला गेला.

ग्रंथ माझ्या टेबलावर होता. मी त्याची सूची पाहिली. छापण्याचे फंक्शन पाहिले, फाइलकडे वळवण्याची सोय पाहिली, फाइलमध्ये जोडून लिहिणे पाहिले. सगळीकडे बिनचूक माहिती होती आणि माझ्या प्रश्नाचे उत्तर कुठेच नव्हते. तिसऱ्या रात्री दुसरे काही सुचेना, म्हणून माझ्या प्रोग्राममध्ये जो कॉल सर्वांत कमी समजलेला होता त्याचे प्रकरण उघडून सलग वाचू लागलो. तो कॉल म्हणजे फोर्क आणि प्रकरण चोविसावे. ते संपवून पंचविसाव्यात गेलो. ते प्रोसेस संपण्याविषयी आहे. त्यात एक लहानसा भाग फोर्क, छापण्याचे बफर आणि प्रोसेसची अखेर यांच्या परस्परसंबंधावर आहे. तिथे एक छोटा प्रोग्राम दिला आहे. पडद्यावर चालवला तर ओळ एकदा उमटते. तोच प्रोग्राम फाइलकडे वळवला तर तीच ओळ दोनदा.

कारण असे. आपण ‘छाप’ म्हटले की मजकूर लगेच कर्नलकडे जात नाही. तो आधी प्रोग्रामच्याच स्मृतीतल्या एका साठ्यात, बफरमध्ये थांबतो. पडद्यावर लिहायचे असेल तर प्रत्येक ओळीअखेर हा साठा रिकामा होतो. फाइलमध्ये लिहायचे असेल तर साठा पूर्ण भरेपर्यंत वाट पाहिली जाते. माझ्या यंत्रावर हा साठा ४०९६ बाइटांचा होता. फोर्क हा कॉल चालू प्रोसेसची हुबेहूब प्रत काढतो. त्या क्षणी साठ्यात जे पडून आहे त्याचीही प्रत निघते. मग दोघेही आपापल्या वेळी संपताना आपापला साठा फाइलमध्ये ओततात. ओतणारे दोन, मजकूर एकच.

म्हणून शेवटच्या पावत्या. म्हणून आकडा रोज वेगळा. म्हणून पडद्यावर सगळे ठीक. फोर्कपूर्वी साठा रिकामा करणारी एक ओळ मी घातली आणि दुबार नोंदी थांबल्या.

मला अधिक लागले ते नंतर. फाइल उघडून नीट पाहिली तेव्हा दुबार भागाच्या तोंडाशी एक अर्धी पावती दिसली: खातेक्रमांकाचे शेवटचे तीन अंक आणि रक्कम, बस. साठा ४०९६व्या बाइटाला भरतो, ओळीच्या अखेरीला नव्हे, त्यामुळे कापाकापी ओळीच्या मध्येच होते. हा अर्धा तुकडा पुढचा प्रोग्राम चुकीचा नमुना म्हणून गुपचूप टाकून देई, म्हणून तो कोणाच्या अहवालात आला नव्हता. कोणताही माणूस अर्धी पावती भरत नाही. यंत्राची सही फाइलवर पहिल्या दिवसापासून होती आणि मी फाइल न उघडता पडदा पाहून माणसाला दोषी ठरवले होते.

दुसरे पत्र पाठवले, मग ताईंना जाऊन भेटलो. त्या म्हणाल्या, “सर, मी खुलाशात लिहिलं होतं की मी एकदाच भरलंय. तुम्ही तो वाचला होता का?” मी वाचला नव्हता.

३

या प्रसंगाने मला ग्रंथाच्या वाचनाविषयी जो प्रश्न दिला तो असा. उत्तर ग्रंथात होते, सूचीही उत्तम होती, तरी ते मला सूचीतून का सापडले नाही? कारण माझ्या प्रश्नाचे नाव मला ठाऊक नव्हते. मी ‘छापणे’ या नावाखाली शोधत होतो आणि ते ‘संपणे’ या नावाखाली होते. कोशातून शब्दाचा अर्थ काढायला शब्द माहीत असावा लागतो. ज्याची अडचण खरी अडचण आहे त्याच्याकडे नेमका तो शब्दच नसतो.

त्यानंतर मी पहिल्या पानापासून सुरुवात केली. रोज पहाटे तासभर, प्रत्येक प्रकरणाखालची स्वाध्यायांतली निम्मी तरी सोडवून. चौदा महिने लागले. सलग वाचताना ग्रंथाची जी मांडणी लक्षात येते ती सूचीतून कधीच आली नसती. आरंभी फाइल, मग प्रोसेसची स्मृती, मग सिग्नल, मग प्रोसेसचा जन्म, अंत आणि त्याची दखल, मग थ्रेड, मग प्रोसेसांमधला संवाद, शेवटी सॉकेट आणि आभासी टर्मिनल. मागच्या प्रकरणातली कल्पना पुढच्याने गृहीत धरायची, हा क्रम कटाक्षाने पाळला आहे. चौसष्टाव्या प्रकरणातला प्रोग्राम मागच्या बहुतेक सगळ्यांची उजळणी करून घेतो. ग्रंथ कोशासारखा दिसतो, पण आतून तो पाठ्यग्रंथ आहे.

यावर पूर्वपक्ष सहज उभा राहतो. दीड हजार पाने कोणाच्या लक्षात राहणार? सूत्रे संगणकावर हाताशी असताना भाष्य पाठ कशाला करायचे? मला निम्मेही आठवत नाही, हे कबूल. पण सलग वाचनाने जे उरते ते माहितीचे स्मरण नव्हे. कुठे काहीतरी असू शकते, याची जाणीव उरते. मार्गदर्शिकेत फोर्कचे पान वेगळे आणि छापण्याच्या फंक्शनचे वेगळे. माझी चूक या दोन पानांच्या मधल्या जागेत घडली होती. सूत्र एकेका कॉलचे असते. दोन कॉल एकत्र आल्यावर काय होते हे सांगणे भाष्याचे काम. केरिस्क यांच्या ग्रंथातला सर्वांत मोलाचा मजकूर अशा सांध्यांवर आहे: सिग्नल आणि थ्रेड, थ्रेड आणि फोर्क, फाइलचे टोकन आणि त्याची प्रत. या जागा वाचूनच कळतात. शोधून सापडत नाहीत, कारण त्या आहेत हेच ठाऊक नसते.

त्यांच्या गद्याचाही एक विशेष नोंदवला पाहिजे. ते विशेषणे जवळजवळ वापरत नाहीत. विधान करतात, त्याच्या मर्यादा सांगतात, प्रोग्राम देतात, तो चालवून मिळालेले उत्तर छापतात. ही रीत स्टीव्हन्स यांची. फरक असा की स्टीव्हन्स अनेक युनिक्सांची तुलना करत पुढे जातात, तर केरिस्क एका प्रणालीत खोल उतरतात आणि कोणती गोष्ट प्रमाणित आहे व कोणती फक्त लिनक्सपुरती हे जागोजाग सांगतात. दस्तऐवज लिहिताना इंटरफेसमधले दोष सापडतात, असे त्यांनी वारंवार मांडले आहे. ग्रंथ वाचताना ते पटते.

मराठी वाचक म्हणून मला या विषयाची परिभाषा पुन्हा ताजी झालेली दिसली. इंग्रजीत वापरून वापरून गुळगुळीत झालेले शब्द आपल्या भाषेत मनाशी म्हटले की एकदम माणसे दिसू लागतात. फोर्कनंतर एक पालक असतो, एक अपत्य. पालक आधी संपला तर अपत्य अनाथ होते आणि क्रमांक एकची प्रोसेस त्याला दत्तक घेते. अपत्य आधी संपले आणि पालकाने त्याच्या अंताची विचारपूस केली नाही, तर त्याची नोंद तशीच लोंबकळत राहते. तिला कोणताही सिग्नल हटवू शकत नाही, कारण जे मेलेच आहे त्याला मारणार कसे? पालकाने ‘काय झाले’ असे विचारल्यावरच ती नोंद मोकळी होते. इंग्रजीत याला झॉम्बी म्हणतात. आपल्याकडे मेलेल्याच्या मागे राहिलेल्यांनी काही करायचे असते, ते झाल्याशिवाय त्याला गती नाही, ही समजूत ज्या घरात वाढलेल्याला ठाऊक आहे त्याला सव्विसावे प्रकरण समजायला वेळ लागत नाही.

४

ग्रंथाच्या मर्यादा सांगितल्याशिवाय हे लेखन स्तुतिपाठ ठरेल.

पहिली मर्यादा नमुना प्रोग्रामांची. प्रत्येक कॉलचे उत्तर तपासावे, हे केरिस्क शेकडो वेळा करून दाखवतात, आणि ही शिस्त या ग्रंथाची मोठी देणगी आहे. पण कॉल फसला की त्यांचे प्रोग्राम बहुतेक वेळा एकच गोष्ट करतात: चुकीचा संदेश छापून थांबतात. शिकवण्यासाठी ते ठीक आहे. पतसंस्थेचा प्रोग्राम मात्र रात्री अकराला थांबून चालत नाही. ‘चूक ओळखा’ हे ग्रंथ शिकवतो. चूक झाल्यावर पुढे कसे जगायचे हे वाचकाला दुसरीकडे शिकावे लागते.

दुसरी मर्यादा निर्णयाविषयीच्या मौनाची. इंटरफेस कसा आहे हे ते सांगतात. तो तसा असावा का, याची चर्चा थोडी. ज्या फोर्कने मला अडकवले त्यावर २०१९मध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्च, बोस्टन विद्यापीठ आणि झुरिकची तंत्रसंस्था इथल्या चार संशोधकांनी एक निबंध लिहिला. फोर्क ही पन्नास वर्षांपूर्वीच्या परिस्थितीतली सोय होती, आज ती टाळावी, असे त्याचे म्हणणे. त्यांच्या आक्षेपांत बफरची दुबार प्रतही आहे. हा निबंध वाचल्यावर मला प्रथम कळले की माझी चूक माझीच असली तरी तिच्यासाठी सापळा आधीच लावलेला होता.

तिसरी मर्यादा काळाची. २०१०नंतर लिनक्समध्ये बरेच नवे आले; आयओ-युरिंग ही इनपुट-आउटपुटची पद्धत २०१९ची. ते ग्रंथात असणार नाही. पण कधीकधी जुन्या कॉलचाही नवा अर्थ उघडकीला येतो. लिहिलेला मजकूर खरोखर डिस्कवर पोचवा असे सांगणारा एफसिंक हा कॉल आहे. तो एकदा फसला आणि पुन्हा केला, तर दुसऱ्या वेळी ‘यशस्वी’ असे उत्तर येऊ शकते, मजकूर मात्र हरवलेला असतो. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या कर्त्यांमध्ये २०१८ साली यावर मोठी खळबळ माजली आणि त्यांनी आपली पद्धत बदलली. सूत्र तेच, भाष्य अपुरे, अशी ही स्थिती. भाष्यावर टीका लिहिली जाते ती यासाठीच.

तरीही या ग्रंथाचा मोठा भाग शिळा झालेला नाही. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांचा नियम असा, की गाभ्यात वाटेल ते बदला, पण चालू प्रोग्राम मोडता कामा नयेत. खिडकीच्या आतली कचेरी कितीदाही बदलो, अर्जाचा नमुना कायम. केरिस्क यांनी नेमका हा नमुनाच विषय म्हणून घेतला, म्हणून पंधरा वर्षांपूर्वीचे प्रोग्राम आजही चालतात.

आणि चौथी मर्यादा ग्रंथाची नव्हे, आपली. मराठी शाळेतून आलेल्या मुलाला हा ग्रंथ वाचताना दोन भाषा एकदम शिकाव्या लागतात. शिवकाळात राज्यव्यवहारकोश झाला, कारण कारभार चालवायचा तर कारभाराचे शब्द आपले हवेत असे कोणाला तरी वाटले. मी पारिभाषिक शब्द मराठीत आणण्याचा आग्रह धरत नाही; कर्नल, बफर, प्रोसेस हे शब्द मुले सहज घेतात. हवे आहे ते भाष्य: फोर्क झाल्यावर साठ्याचे काय होते, हे घरी बोलतो त्या मराठीत सांगणारी दोन पाने.

शनिवारी संध्याकाळी माझ्याकडे काही मुले येतात. त्यांना मी पंचविसाव्या प्रकरणातला तो छोटा प्रोग्राम आधी पडद्यावर चालवायला सांगतो आणि विचारतो, बरोबर आहे ना? ती हो म्हणतात. मग तोच फाइलकडे वळवायला सांगतो. फाइल उघडल्यावर खोलीत जरा शांतता होते. त्यानंतर मी त्यांना संध्याकाळच्या पाळीतल्या ताईंची गोष्ट सांगतो, आणि खुलासा न वाचणारा प्रोग्रामर कोण होता तेही सांगतो.